नष्टांशाचं तिकीट

प्रेरणाचे पत्र आले तेव्हा मी आधी पाकिटाची मागची बाजू वाचली होती. चार वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. पाठवणाऱ्याचे नाव होते प्रेरणा सांडू दफ्तरदार, बजाजनगर. आडनाव आमचे, आणि त्याच्या आधी आमच्या घरात कधीच न ठेवले गेलेले नाव. आत वहीचे एक पान होते.

"ती. मधुसूदन आजोबांस सा. न. वि. वि. मी मुकुंद दफ्तरदार यांची नात. कॉलेजच्या सहलीबरोबर देवडीचं म्युझियम बघायला आले होते. तिथल्या वंशावळीत माझ्या आजोबांच्या नावापुढे 'नष्टांश' असं लिहिलं आहे. सरांना अर्थ विचारला. ज्याचा वंश बुडाला तो, असं ते म्हणाले. खाली 'संकलन: मधुसूदन दफ्तरदार' असं तुमचं नाव आहे, म्हणून तुम्हाला विचारते. मग आम्ही कोण? उत्तर द्यावं."

मी उत्तर दिले नाही. चौतीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, लोकांना पुस्तक परत करण्याची स्मरणपत्रे पाठवली, आणि एका मुलीच्या तीन शब्दांच्या प्रश्नापुढे माझे अकरा मसुदे फसले. एक तर 'चि. प्रेरणास' एवढे लिहूनच थांबला. तिला चिरंजीव म्हणण्याचा अधिकार मला आहे का, हेच ठरेना. अकराही मसुदे कपाटाच्या खणात तिच्या पत्राखाली ठेवले होते. पद्मजाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते माहीत होते. ती त्या खणाला 'तुमचं स्मशान' म्हणायची.

'नष्टांश' हा शब्द माझा नव्हता, असे मी स्वतःला सांगत असे. तो बाबांचा होता. मुकुंददादाने देवडीच्या, म्हणजे आमच्या जुन्या वाड्याच्या, बागेतल्या कडुबा माळ्याच्या साळूशी वेरूळला जाऊन लग्न केले, ते एकोणसत्तर साल. बाबांनी दादाच्या नावाने आंघोळ केली, ओलेत्याने दफ्तराच्या खोलीत गेले आणि वंशावळीच्या कागदावर दादाच्या नावापुढे बोरूने तो शब्द लिहिला. त्या वेळी दादा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. त्यानंतर तो चौदा वर्षे जगला. त्याला सांडू नावाचा मुलगा झाला. हे सगळे मला ठाऊक होते, आणि तरी देवडीचे म्युझियम झाले तेव्हा ट्रस्टसाठी वंशावळीची नक्कल करताना मी तो शब्द जसाच्या तसा उतरवला. मूळ कागदात हात घालायचा नाही, ही माझी जन्माची शिस्त. जुन्या पोथीत मेलेली माशी चिकटली होती म्हणून नक्कल करणाऱ्याने त्याच जागी दुसरी माशी मारून चिकटवली, मक्षिकास्थाने मक्षिका, ही गोष्ट मी नव्या कारकुनांना हसत सांगायचो. माझी माशी तर जिवंत होती.

यंदाच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी इंद्रजीतने सगळ्यांना देवडीत बोलावले. इंद्रजीत माझ्या दुसऱ्या थोरल्या भावाचा मुलगा आणि ट्रस्टचा चिटणीस. ट्रस्ट देवडीवर एक जाडजूड पुस्तक काढत होता. त्यात वंशावळ छापायची होती, आणि तिच्याखाली 'ही वंशावळ मूळ दफ्तराशी ताडून पाहिली असून ती खरी आहे' या वाक्यावर माझी सही हवी होती. पुण्याहून माझी धाकटी बहीण नीरजा आली होती. सही, मग बागेतल्या बारादरीच्या खुल्या मंडपात फोटो, मग जेवण, असा बेत होता.

इंद्रजीतवर अन्याय करायचा नाही. बेगमपुऱ्यातली ही देवडी बिल्डरच्या घशात जाणार होती, ती त्याने वाचवली. छत त्याने उतरवून पुन्हा चढवले, बागेतली बुजलेली कारंजी मोकळी करून घेतली. चार वर्षांपूर्वी मी त्याला प्रेरणाचे पत्र दाखवले तेव्हा त्याने ते दोनदा वाचून घडी घातली आणि शांतपणे समजावले होते. देवडी ट्रस्टला देताना बक्षीसपत्रावर 'सर्व वारसांच्या संमतीने' असे लिहिले आहे. मुकुंदकाकांची शाखा त्यात धरलेली नाही, कारण कागदावर ती शाखाच नाही. तुम्ही एक ओळ लिहून दिली, काका, की तो पुरावा झाला. उद्या कोणी कोर्टात गेलं तर बक्षीसपत्र लटकतं आणि म्युझियमला कुलूप लागतं. तोंडाने काय बोलायचं ते बोला, पण लिहू नका.

मला न लिहिण्यासाठी कारण हवेच होते. ते मी आनंदाने घेतले.

त्या रविवारी मी रिक्षातून उतरून पुढे निघालो. फाटकाशी काय झाले ते पद्मजाने मला नंतर सांगितले, आणि तिने सांगितले तसेच इथे लिहितो, कारण तिची नजर माझ्यापेक्षा सरळ आहे.

तिकिटाच्या खिडकीशी एक मुलगी नोंदवहीत नाव लिहीत होती. सव्वीस-सत्तावीसची, अंगात जीनचे जाकीट, पाठीला सॅक. शेजारी हिरव्या इरकली लुगड्यातली, ताठ मानेची म्हातारी. खिडकीतल्या माणसाने नाव वाचले आणि तो अदबीने उठला. म्हणाला, दफ्तरदार मॅडम, आज घरच्यांना तिकीट नाही, सरळ बारादरीत चला, साहेब तिथंच आहेत.

"आम्हाला लागतं," मुलगी म्हणाली.

"अहो, आजचा कार्यक्रम घरच्यांचाच आहे."

"आत भिंतीवर बघा. आम्ही नष्टांश आहोत. नष्टांशाला तिकीट लागतं. दोन द्या."

तो माणूस काही समजला नाही. त्याने दोन तिकिटे फाडली. पद्मजा मागेच उभी होती. तिला वाटले असते तर ती माझ्यामागे निघून आली असती. पन्नास वर्षे ती माझ्या अशा गप्प बसण्यात वाटेकरी होती, आणि तिला त्याचा कंटाळा आला होता, हे तिचेच शब्द. तिने पर्स उघडली.

"तिसरं माझं," ती म्हणाली.

म्हातारीने वळून तिच्याकडे पाहिले. "तुमी कोण म्हणायच्या, बाई?"

"मी पद्मजा. मधुसूदनची."

"आसं व्हय," साळूबाई म्हणाल्या. "मंग तुमी जाऊबाई मपल्या. चला. मला देवडी बघायची हाय. जन्म ह्या बागंत गेला, पर आतून कदी बघितली नाय."

हे खरे होते. कडुबाची माणसे बागेतून ओट्यापर्यंत येत. ओट्याच्या वर नाही. आता तिकीट घेऊन साळूबाई दिवाणखान्यात गेल्या, झुंबराखाली उभ्या राहिल्या, बाबांच्या पलंगाभोवती बांधलेली दोरी त्यांनी हाताने चाचपली. प्रेरणाने मला पुढे सांगितले की वंशावळीच्या चौकटीपुढे आजी बराच वेळ थांबली. तिला वाचता येत नाही. "कोंचं?" एवढेच तिने विचारले. प्रेरणाने काचेवर बोट ठेवले. आजीने पदराच्या टोकाने ती जागा पुसली, जशी काही धूळ असावी, आणि म्हणाली, "आतून हाय. बाहेरून निघायचं नाय."

इकडे बारादरीत इंद्रजीतने माझ्यापुढे कागद ठेवला होता. नीरजा खुर्चीत रेलून कारंज्याकडे बघत होती. बाबांची लाडकी लेक. दादाचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जाते, हे आम्हा सगळ्यांना पाठ. इंद्रजीतने पेन उघडून दिले. मी चष्मा पुसला. खरे सांगायचे तर मी सही करणारच होतो. चष्मा पुसणे ही फक्त माझी रीत.

तेवढ्यात गाईड माणसांचा घोळका घेऊन हौदाच्या कडेने आला आणि आंब्यापाशी थांबला. हा आंबा देवडीच्या बागेतले नवल आहे. अर्धे झाड पौषातच मोहरते आणि उरलेले अर्धे महिनाभर मागून. त्या दिवशीही दक्षिणेची बाजू मोहोराने पिवळसर झाली होती आणि उत्तरेला नुसती हिरवी पाने होती.

"अब ये झाड कू देखो," गाईड दखनीत रंगून सांगू लागला. "आधे पे मोहर, आधा सूना. क्यूं? नवाबी जमाने में एक फकीर यहां बैठा था. उसने आधे झाड कू दुआ दी, आधी दुआ बाकी रै गई."

लोक हसले. मोबाईल वर झाले.

"खोटं हाय ते," घोळक्यातून आवाज आला.

आवाज मी ओळखला. सत्तावन्न वर्षांनी ओळखला. तेव्हा तो पहाटे बागेच्या पाटाला नहरीचे पाणी सोडताना बापाला हाका मारायचा.

"क्या हुआ, अम्मा?" गाईड म्हणाला.

"फकीर-बिकीर कोनी नव्हता. कलम हाय ते. ह्या अंगाची फांदी तासून दुसऱ्या आंब्याची काडी बशिवली. वरून केळीचं सोपट गुंडाळलं, दोऱ्यानं आवळलं. मी काडी धरली आन् मपल्या मालकानं बांधलं. लोक म्हनले, जगायचं नाय."

कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे हे. हा श्लेष मला तिथल्या तिथे सुचला आणि माझी मलाच लाज वाटली. समोर माणूस उभा आहे आणि मला शब्दकोश आठवतो.

ती कोण, हे इंद्रजीतलाही कळले; तो उठला. तो चांगल्या घरातल्या माणसासारखाच पुढे गेला, नमस्कार केला, बसा म्हणाला. साळूबाई बसल्या नाहीत. त्याने गाईडला लोकांना पलीकडे न्यायची खूण केली आणि आवाज खाली आणून सांगितले की आजी, तुमचं दुःख मी समजतो, पण त्या झाडाची नोंद दफ्तरात नाही, आणि आम्हाला नोंदीबाहेर जाता येत नाही.

"नोंद मी सांगते," नीरजा म्हणाली.

ती खुर्चीतून उठली तेव्हा मला वाटले, आता ही आत जाणार. ती झाडाकडे गेली. मोहरलेली फांदी जिथून फुटते तिथे बुंध्यावर जाड गाठ आहे, तिच्यावर तिने हात ठेवला.

"मी बारा वर्षांची होते. सोपट मी आणून दिलं. दोरा कमी पडला. गाठ सुटायला लागली तशी साळू ओरडली, धरा, धरा. तेव्हा दादानं गळ्यातलं जानवं काढलं आणि त्यानं बांधलं. बाबांना सांगितलं, आंघोळीत तुटलं म्हणून. मला शपथ घातली होती." ती इंद्रजीतकडे वळली. "साठ वर्षं पाळली. आता घालणारा नाही आणि बाबाही नाहीत. ह्या गाठीच्या आत माझ्या भावाचं जानवं आहे, इंद्रजीत. हे लिही तुझ्या पुस्तकात."

साळूबाईंनी नीरजाकडे बघून मान हलवली. "लई बारीक होती ही. फ्रॉकात," त्या प्रेरणाला म्हणाल्या.

इंद्रजीतचा चेहरा पडला. मला त्याची दया आली, आजही येते. नीरजा आपल्या बाजूची, हे त्याने गृहीत धरले होते. तरीही त्याने वाट शोधली. प्रेरणाला तो म्हणाला की हे बघ, मी तुझा काकाच लागतो. तुझ्या बाबांनी आणि आजीनं हक्कसोडपत्रावर सही करावी, की आमचा देवडीवर कसलाही दावा नाही. उद्या ते झालं की परवा मी 'नष्टांश' काढून सांडूदादाचं नाव लावतो, तुझंही लावतो. देवडी सुरक्षित, तुमचं नाव सुरक्षित.

मला ते अगदी वाजवी वाटले. मी मनात सुटलो. मला नेहमीच असे कोणी तरी सोडवते.

प्रेरणाने सॅकचा पट्टा खांद्यावर नीट केला. ती वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, मालात खोट दिसली की परत पाठवते, हे मला नंतर कळले. बोलण्याची पद्धत तशीच होती.

"काका, आम्हाला ही भिंत नको, हौद नको. पुस्तकात वंशावळ छापणार असं पेपरात वाचलं म्हणून आलो, पप्पा तर म्हणाले, जाऊच नका. पण आम्ही सही करणार नाही."

"पण दावा करायचाच नाही, तर सही करायला काय हरकत आहे?"

"नाव आमचंच आहे. माझ्या आधारवर आहे, पप्पांच्या सर्व्हिस बुकावर आहे. आपलंच नाव परत घ्यायला बदल्यात काही द्यायचं नसतं. तुम्ही खोटं लिहिलंय, तुम्ही खोडा. आमच्या सहीचा त्यात काय संबंध?"

"मी नाही लिहिलं," इंद्रजीत म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे पाहिले.

मग सगळ्यांनीच पाहिले. पद्मजा झाडाच्या पलीकडे त्या दोघींशेजारी उभी होती. तिच्या हातात अजून ते तिकीट होते. बारादरीत मी एकटा बसलो होतो, पेन धरून.

मला भाषण येत नाही. सभेत प्रश्न विचारायचा तर मी चिठ्ठी पाठवतो. मी पेनाला टोपण घातले. ते नीट बसेना, दोनदा घालावे लागले.

"मी सही करत नाही," मी म्हणालो.

"काका."

"ह्या कागदावर 'खरी आहे' असं लिहिलंय. ती खरी नाही. मला माहीत होतं."

इंद्रजीत माझ्याजवळ आला आणि अगदी हळू बोलला. त्याच्या आवाजात धमकी नव्हती, भीती होती. "तुमच्या एका ओळीनं ही देवडी कोर्टात जाईल. बारा वर्षं घातलीत मी ह्यात. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. कोर्टात गेली तर साक्षीला मी येईन."

हे मी बोललो यावर माझा आजही पुरता विश्वास बसत नाही. पद्मजा म्हणते, बोललात, आणि चांगले मोठ्याने बोललात. इंद्रजीतने कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि फोटोग्राफरला जायला सांगितले. जेवायला तो थांबला नाही.

मी उठून आंब्याखाली गेलो. साळूबाईंच्या कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके आहेत, ते मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. बागेत होत्या तेव्हा मी पुस्तकातून मान वर काढत नसे. त्या तेव्हा मला 'मधूमालक' म्हणत.

"वहिनी," मी म्हणालो, "माझं चुकलं."

त्या रागावल्या होत्या की नाही, मला सांगता येणार नाही.

"हे तोंडातलं झालं, भावजी," त्या म्हणाल्या. "तोंडातलं वाऱ्यावर जातं. तुमच्या वडलानं कागदावर मारलं त्यांला. पोरीनं तुम्हाला टपालानं इचारलं होतं. चार वर्सं पोस्टमन दिसला की ती दारात जायाची. टपालानंच सांगा."

त्या जेवल्या नाहीत. तिकिटात जेवण नाही, असे म्हणून प्रेरणा हसली आणि दोघी फाटकाकडे निघाल्या. जाताना साळूबाईंनी वाकून हौदाच्या कडेचे उपटून पडलेले एक रोप उचलले, मातीत दाबले आणि हात लुगड्याला पुसला.

त्या संध्याकाळी मी बारावा मसुदा लिहिला नाही. सरळ पत्रच लिहिले.

"चि. प्रेरणास अनेक आशीर्वाद. मग आम्ही कोण, असे तू विचारले होतेस. तुम्ही मुकुंद दफ्तरदारांचा वंश. 'नष्टांश' हा शब्द माझ्या वडिलांनी रागाने लिहिला आणि मी भित्रेपणाने उतरवला. तो तेव्हाही खोटा होता आणि आजही आहे. सोबत दुरुस्त वंशावळ पाठवत आहे. तिच्यावर माझी सही आहे. ती कुणालाही दाखवावी. तुझ्या आजीला वाचून दाखवावी. तुझा धाकटा आजोबा, मधुसूदन."

वंशावळीला मात्र वेळ लागला. दादाच्या नावाखाली सांडू लिहिले, त्याच्याखाली प्रेरणा. मग दादाशेजारी साळूबाई लिहायला गेलो आणि पेन थांबले. त्या कागदावर सात पिढ्यांत एकाही बाईचे नाव नाही. एवढी वर्षे मी ती वाचली, नकलली, आणि हे माझ्या ध्यानात आले नाही. साळूबाई लिहिले तर आई लिहायला हवी, नीरजा लिहायला हवी. पद्मजा डिंकाची बाटली घेऊन आली. नीरजाने शेजारी दुसरा कागद धरला. पद्मजा म्हणाली, मलाही लिहा, तिकीट काढलंय मी.

सोमवारी जुन्या बाजारातल्या मोठ्या पोस्टात गेलो. दोन पाकिटे होती. एक प्रेरणाचे. दुसऱ्यात त्याच पत्राची आणि वंशावळीची नक्कल होती, ट्रस्टचे चिटणीस म्हणून इंद्रजीतच्या नावाने. रजिस्टर करायचंय म्हटल्यावर खिडकीतली मुलगी म्हणाली की रजिस्टर बंद झालं, काका, आता स्पीड पोस्टच. रांगेत उभा असताना एकदा वाटले, प्रेरणाचे तेवढे पाठवावे, इंद्रजीतचे राहू द्यावे. पाकीट खिशात परत ठेवलेही. मग खिडकीशी आल्यावर दोन्ही आत सरकवली.

तिने वजन केले, पत्ते टंकले आणि मान वर केली.

"पाठवणारे दफ्तरदार, घेणारे पण दोन्ही दफ्तरदार. घरातल्या घरातच पत्रं का, काका?"

"हो," मी म्हणालो. "घर मोठं आहे."

तिने शिक्का मारला आणि पाकिटे मागच्या पोत्यात टाकली.